गोठ्यातील पाव टनी ट्रक

अमेरिकन लष्कराच्या दप्तरी जीपचे नाव 'जीप' असे नव्हते. तेथे तिची नोंद 'पाव टनी, चारही चाके चालणारा, टेहळणीचा ट्रक' अशी होती. जी गाडी आपण वनखात्याच्या कचेरीपुढे, निवडणुकीच्या प्रचारात किंवा जुन्या हिंदी चित्रपटांत पाहत आलो, ती जन्माने ट्रक आहे आणि तोही लढाईसाठी जन्मलेला. अशी जुनी लष्करी गाडी घरच्या घरी, गोठ्यात, पुन्हा कशी उभी करतात, त्यात अडचणी कोणत्या येतात आणि अखेर तिची किंमत कशी ठरवावी, हे सांगण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

यातला शेवटचा प्रश्न माझ्यापुरता केवळ पुस्तकी नाही. धारवाडहून हल्याळकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून आमचे शेत आहे. ट्रॅक्टर आल्यावर बैल गेले, आणि आजोबांनी १९७१ साली लाकडाच्या एका ठेकेदाराकडून घेतलेली जीप रिकाम्या गोठ्यात येऊन बसली. पुढे कैक वर्षे तिच्यावर कडब्याच्या पेंढ्या रचल्या गेल्या. आता माझे वडील आणि काका यांच्यात वाटणी व्हायची आहे. यादीत विहीर, पंप, ट्रॅक्टर, गोठा यांच्यापुढे आकडे पडले. जीपपुढची जागा कोरी राहिली. काका म्हणतात, "ही अप्पांची आठवण, हिला उभी करू." बाबा म्हणतात, "भंगारवाला किलोवर भाव देतोय तो घ्या आणि मोकळे व्हा." शेवटी, "तू कॉमर्सला आहेस ना? मग तूच आकडा लिही," असे म्हणून दोघांनी यादी माझ्याकडे दिली.

आकडा लिहायचा तर वस्तू आधी समजली पाहिजे. म्हणून गेली दोन वर्षे सुट्टीच्या दिवशी मी गोठ्यात जातो. काम करतात ते काका आणि हुबळीचे एक निवृत्त मिस्त्री. माझ्या हातात पान्यापेक्षा वहीच अधिक असते.

गाडीचे घराणे

जुलै १९४० मध्ये अमेरिकन लष्कराने १३५ कंपन्यांना विचारणा केली. हलकी, चारही चाकांनी ओढणारी गाडी हवी होती आणि पहिला नमुना ४९ दिवसांत हवा होता. ती मुदत पाळली पेनसिल्व्हेनियातील बँटम या लहानशा कंपनीने. मोठी कामे मात्र पुढे विलीज आणि फोर्ड यांना मिळाली. १९४१ ते १९४५ या काळात या दोन कंपन्यांनी मिळून सुमारे ६ लाख ४० हजार जीप बनवल्या. लढाईच्या निमित्ताने त्यांतल्या बऱ्याच आपल्याकडे आल्या आणि लढाई संपल्यावर शिलकी माल म्हणून नागरिकांच्या हाती गेल्या.

याच सुमारास, १९४५ साली, 'महिंद्र अँड मोहम्मद' ही कंपनी निघाली. १९४८ साली तिचे नाव 'महिंद्र अँड महिंद्र' झाले. जून १९४९ मध्ये तिने विलीजच्या ७५ जीप सुट्या भागांच्या रूपात आणून मुंबईत जोडल्या. आपल्याकडे जीप हे घरगुती नाव झाले ते येथून, आणि लढाईतल्या जीपला लागणारे अनेक भाग देशात मिळू लागले तेही यामुळेच.

जुन्या गाडीच्या व्यवहारातला एक मोठा धडाही जीपनेच दिला आहे. १९४८ साली कृष्ण मेनन हे लंडनमध्ये भारताचे उच्चायुक्त असताना वापरलेल्या व पुन्हा दुरुस्त केलेल्या लष्करी जीप घेण्यासाठी सुमारे ८० लाख रुपयांचा करार झाला. मालाची पुरती पाहणी होण्यापूर्वीच मोठी रक्कम देण्याची त्यात तरतूद होती. प्रत्यक्षात १५५ जीप आल्या आणि त्याही कामाच्या नव्हत्या. संसदेत फार वादळ उठले. १९५५ साली सरकारने प्रकरण मिटल्याचे जाहीर केले. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने यातून घ्यायचा बोध सोपा आहे: पाहणी आधी, पैसे मग.

स्वातंत्र्यानंतरच्या लष्करी गाड्यांचे माहेर जबलपूर. जर्मन मान कंपनीच्या परवान्यावर बनलेला शक्तिमान ट्रक आणि जपानी निसानच्या परवान्यावरची जोंगा या दोन्ही तेथल्याच. लष्कराच्या कामातून बाद झालेल्या गाड्या लिलावात निघतात. अशी गाडी घेणाऱ्याने 'नमुना २१' मधील मूळ विक्री दाखला जिवापाड जपावा, कारण त्याच्याशिवाय परिवहन कचेरीत माजी लष्करी गाडीची नोंदणी होत नाही.

ओळख पटवणे

गोठ्यातल्या गाडीवरचा कडबा उतरला तेव्हा पहिला प्रश्न आला: ही विलीज की फोर्ड? दोघांच्या गाड्यांचे भाग एकमेकांना बसावेत अशीच लष्कराची अट होती. त्यामुळे वरवर पाहून काही कळत नाही. खुणा मात्र आहेत. बंपरच्या मागे चेसिसच्या दोन पट्ट्यांना जोडणारा आडवा दांडा गोल नळीचा असेल तर चेसिस विलीजची. उलट्या नालीसारखा असेल तर फोर्डची. फोर्डने आपल्या बारीकसारीक भागांवर, अगदी बोल्टच्या डोक्यावरही, 'एफ' हे अक्षर उठवले. चेसिसचा नंबर फोर्डने डाव्या पट्टीवर थेट ठोकला, तर विलीजने लहानशा पाटीवर लिहून ती पाटी पुढच्या बाजूला आतून रिव्हेटने बसवली.

आमची चेसिस फोर्डची निघाली. बॉनेट मागाहून कुणीतरी नागरी जीपचे बसवलेले. इंजिन तर डिझेलचे. ऐंशीच्या दशकात पेट्रोल परवडेना म्हणून आजोबांनी ते घातले होते. त्या काळी घरोघरच्या जीपना हेच झाले. पण गोठ्याच्या कोपऱ्यात, गोणपाटाखाली, काढून ठेवलेले पेट्रोल इंजिन सापडले. त्याच्यावरचा विलीजचा नंबर आम्ही आजोबांच्या ट्रंकेतील नोंदणी पुस्तकाशी ताडून पाहिला. तो तंतोतंत जुळला! म्हणजे चेसिस फोर्डची आणि इंजिन विलीजचे ही जोडी आजोबांनी गाडी घेतली तेव्हाच ठरलेली होती. लष्कराच्या दुरुस्ती कारखान्यांत असे अनेकदा होई. घाई असे, हाताला येईल ते चांगले इंजिन समोरच्या गाडीत बसे.

आधी लिही, मग खोल

आमचे मिस्त्री कन्नडभाषिक आहेत. त्यांनी पहिल्या दिवशी मला एकच मंत्र दिला: "तम्मा, मोदल बरि, आम्याल बिच्चु." आधी लिही, मग खोल. कोणताही भाग उतरवण्यापूर्वी त्याचा फोटो काढायचा, त्याला पत्र्याची चकती बांधायची, चकतीवर आकडा घालायचा आणि तोच आकडा वहीत. वहीला सहा रकाने आहेत: तारीख, भाग, अवस्था, काय केले, कुणी केले, खर्च. बोल्ट ज्या भागाचे त्याच भागाच्या डब्यात जातात.

खोलताना काही गोष्टी ठाऊक नसल्या तर नुकसान ठरलेले. या गाडीचे नटबोल्ट इंचाच्या मापाचे आहेत. अर्ध्या इंचाच्या बोल्टला १३ मिलिमीटरचा पाना लावला तर तो बसल्यासारखा वाटतो, पण किंचित ढिला असतो आणि बोल्टचे कोपरे मारतो. दुसरी गोष्ट, लढाईतल्या जीपच्या डाव्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असतात. नेहमीच्या दिशेने जोर लावणारा माणूस ते सोडवत नसून आवळत असतो आणि शेवटी स्टड तुटतो. तिसरी गोष्ट जिवाची आहे. अनेक लष्करी चाकांचे रिम दोन तुकडे बोल्टने जोडून केलेले असते. ट्यूबमधली हवा पूर्ण काढल्याशिवाय त्या बोल्टना हात लावू नये. हवेच्या दाबाने रिमचा तुकडा तोफगोळ्यासारखा उडतो.

गोठ्यात काम करण्याचे स्वतःचे नियम आहेत. कडबा आणि वेल्डिंगची ठिणगी यांचे वैर आहे. आम्ही वैरण दुसरीकडे हलवली, वेल्डिंग नेहमी बाहेर चिंचेखाली केले, आणि पेट्रोलचा डबा गोठ्यात ठेवायचा नाही असे ठरवले.

चेसिस, इंजिन, चाके

सांगाडा उघडा झाला की तो सरळ आहे की मुरडला आहे हे पाहतात. त्याला महागडे यंत्र लागत नाही. चार ठरावीक भोकांतून ओळंबे सोडायचे, जमिनीवर खडूने चार खुणा करायच्या आणि दोन कर्ण मोजायचे. कर्ण सारखे भरले तर चेसिस चौरस आहे. गवंडी घराचा पाया जसा तपासतो तसेच हे. गंज मात्र आतून खातो. बॉडीच्या तळाला आधार म्हणून टोपीच्या आकाराच्या पत्र्याच्या पट्ट्या असतात आणि त्यांत लाकूड भरलेले असते. धारवाडच्या पावसाळ्यात ते लाकूड पाणी धरून ठेवते आणि वरचा पत्रा जाळीदार होतो. तेवढा पत्रा कापून नवा जोडावा लागला.

इंजिन चार सिलिंडरचे, सुमारे २२०० सीसीचे, ६० अश्वशक्तीचे. त्याचे व्हॉल्व्ह हेडमध्ये नसून सिलिंडरच्या शेजारी असतात. हेड म्हणजे नुसते जड झाकण. त्यामुळे खेड्यातल्या माणसालाही ते खोलता येते. आमचे इंजिन जाम झाले होते. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये रॉकेल व इंजिन ऑइल यांचे मिश्रण ओतले, काही दिवस तसेच ठेवले आणि मग फ्लायव्हीलच्या दात्यांवरून पुढे-मागे थोडे थोडे हलवले. येथे जोर कामाचा नाही. जोराने रिंगा तुटतात.

इंजिन सुटल्यावर मोजमाप. सिलिंडरचा मूळ व्यास सव्वातीन इंचाला अष्टमांश कमी. झिजून तो अंडाकृती होतो. मग बोअर करून तो इंचाच्या हजारांशात २०, ३० किंवा ४० ने वाढवतात आणि त्या मापाचा मोठा पिस्टन घालतात. क्रँकचे उलट असते. तो घासून बारीक करतात आणि जाड बेअरिंग बसवतात. एके ठिकाणी भोक वाढते, दुसरीकडे दांडा घटतो. हे आकडे कुठे लिहिलेले नसतील तर पुढच्या मिस्त्रीला अंधारात चाचपडावे लागते. अशी कामे करणारी कुशल माणसे हुबळीच्या गोकुळ रोडवर आणि बेळगावच्या उद्यमबागेत आजही भेटतात. पण बाजू-व्हॉल्व्हचे इंजिन हातून गेलेली माणसे त्यांत थोडीच आहेत आणि तीही वयस्कर आहेत.

शक्ती चाकांपर्यंत जाते ती तीन गिअरच्या पेटीतून आणि तिच्यामागच्या दुसऱ्या पेटीतून, जिला ट्रान्सफर केस म्हणतात. येथे दोन दांडे असतात: एक पुढची चाके जोडणारा, दुसरा हळू गती देणारा. पहिला गिअर आणि हळू गती एकदम लावली की इंजिनाच्या २५-२६ फेऱ्यांना चाकाचा एक फेरा होतो. चिखलातून ही गाडी चढते ती या गणितावर. घोड्यांच्या संख्येवर नव्हे. मात्र कोरड्या डांबरी रस्त्यावर पुढची चाके जोडू नयेत. वळणावर पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगवेगळे अंतर कापायचे असते, त्यांना एकमेकांशी जखडले की दाते व जॉईंट यांच्यावर ताण येतो.

ब्रेकची एकच नळी चारही चाकांना तेल पुरवते. कुठेही गळती झाली की सगळे ब्रेक जातात. म्हणून या कामात जुना रबरी भाग एकही ठेवायचा नाही, असे मिस्त्रींचे फर्मान आहे. पेट्रोलच्या नळ्यांचेही तसेच. आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते; जुन्या पद्धतीचे रबर त्याने फुगते आणि चिरते. पंपाचा पडदा आणि सगळ्या नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या घेतल्या.

कायदा काय म्हणतो?

हौस म्हणून गाडी उभी केली तरी रस्त्यावर नेण्यासाठी कागद लागतो. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने जुन्या वाहनांसाठी वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी असलेली दुचाकी किंवा प्रवासी मोटार 'व्हिंटेज' म्हणून नोंदता येते. नव्याने नंबर घेतल्यास त्यात 'व्हीए' ही अक्षरे येतात. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षे आणि नूतनीकरणाचे ५,००० रुपये. मात्र अशी गाडी रोजच्या वापरासाठी नाही. प्रदर्शन, शर्यतीचा मेळावा, इंधन भरणे, दुरुस्ती एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर यावी. आणि मुख्य अट अशी की गाडी मूळ स्वरूपात हवी. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार नकोत. मालवाहू ट्रक या नियमांत बसत नाहीत. म्हणजे जन्माने ट्रक असलेली जीप नोंदणी पुस्तकात मोटार आहे म्हणून वाचते, आणि शक्तिमान मात्र बाहेर राहतो.

आणखी दोन नियम मनोरंजक आहेत. अमेरिकन जीपचे स्टिअरिंग डावीकडे असते. अशी गाडी आपल्याकडे चालवायची तर इशारा देणारी यांत्रिक किंवा विजेची सोय चालू स्थितीत असावी लागते. आणि जो हिरवट लष्करी रंग पाहून लोक जीपच्या प्रेमात पडतात, तो रंग कायद्याने फक्त संरक्षण खात्याच्या वाहनांसाठी राखून ठेवलेला आहे. म्हणून आमची जीप करड्या रंगाची होणार आहे.

किंमत कोणती लिहायची?

आता मूळ प्रश्न. आपल्या अभ्यासक्रमातील घटत्या शिल्लक पद्धतीने पाहू. १०,००० रुपयांच्या गाडीवर दरवर्षी १५ टक्के घसारा धरला तर ४० वर्षांनंतर पुस्तकात तिची किंमत सुमारे १५ रुपये उरते. ती कधीच शून्य होत नाही, हे या पद्धतीचे सौजन्य! दुसरी किंमत भंगाराची, म्हणजे वजन गुणिले दर. तिसरी खर्चाची: वहीतल्या शेवटच्या रकान्याची बेरीज. पण झालेला खर्च म्हणजे किंमत नव्हे, हे आपले सर पहिल्याच वर्षी शिकवतात. तेल बदलणे हा महसुली खर्च, इंजिन पुन्हा बांधणे हा भांडवली खर्च, हे खरे. पण भांडवली खर्च केला म्हणून घेणारा तेवढे पैसे देईलच असे नाही.

चौथी किंमत बाजाराची, आणि ती मिळते ओळख पटलेल्या गाडीला. पाली भाषेतील 'मिलिंदप्रश्न' या ग्रंथात नागसेन मिलिंद राजाला रथाविषयी विचारतो: चाक म्हणजे रथ काय? आस म्हणजे रथ काय? राजाला प्रत्येक वेळी नाही म्हणावे लागते. परिवहन कचेरीचे उत्तर त्या मानाने सोपे आहे. नोंदणी पुस्तकातील चेसिस नंबर, इंजिन नंबर आणि मालकाचे नाव यांचा मेळ बसला की ती गाडी; नाहीतर ते लोखंड.

आमचे इंजिन परत आल्याने दोन गोष्टींचा मेळ बसला. तिसरी राहिली होती: पुस्तकात नाव आजोबांचे आहे आणि ते आता नाहीत. मालकाच्या मृत्यूनंतर गाडी वारसाच्या नावावर करण्यासाठी 'नमुना ३१' भरावा लागतो आणि इतर वारसांची संमती लागते. म्हणजे काकांनी कितीही खर्च केला तरी बाबांच्या सहीशिवाय ती जीप वजनावारी विकण्याच्या लायकीचीच राहणार. आणि बाबांनी विकायची म्हटली तरी काकांच्या सहीशिवाय त्यांना चांगला भाव मिळणार नाही. दोघा भावांच्या दोन सह्यांमध्ये जे अंतर आहे, तीच या गाडीची खरी किंमत. मी हे दोघांपुढे वही उघडून मांडले. बाबा बराच वेळ पाने उलटत होते. आजोबांच्या नोंदणी पुस्तकाची प्रत पहिल्याच पानावर चिकटवलेली आहे. गेल्या महिन्यात त्यांनी संमतीच्या कागदावर सही केली. गाडी काकांच्या नावावर होईल. वाटणीच्या यादीत जीपपुढे आकडा नाही, 'सामाईक' एवढा शब्द आहे.

इंजिन बांधून झाले आहे, वायरिंग आणि ब्रेक बाकी आहेत. ६ व्होल्टची बॅटरी मिळणे सोपे नाही, त्याचा शोध चालू आहे.

वाचकांपैकी कुणाच्या परसात, गोठ्यात किंवा शेडमध्ये अशी एखादी गाडी असेल, तर पाना उचलण्यापूर्वी तीन गोष्टी कराव्यात. नोंदणी पुस्तक किंवा विक्री दाखला शोधून त्याच्या प्रती काढाव्यात. चेसिस व इंजिन यांवरचे नंबर घासून स्वच्छ करून त्यांचे फोटो घ्यावेत. आणि ज्यांना ती गाडी चालताना आठवते, अशा घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून तिची हकिकत तारखांसह लिहून ठेवावी. सुटे भाग उद्याही मिळतील. हकिकत सांगणारी माणसे मिळतीलच असे नाही.